मूळ कागद नसलेलं स्थळ

आमचे एकनाथकाका दूध घेताना दुधाकडे बघत नाहीत, दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतात. पाणी दुधात नंतर दिसतं, तोंडावर आधी दिसतं, असं त्यांचं म्हणणं. घरात थर्मामीटर दोन आहेत, एकाची साक्ष दुसऱ्याकडून काढायला. रिक्षातून उतरताना मीटर बरोबर असलं तरी "आज जरा जल्दीच धावलं जी तुमचं मीटर" एवढं बोलून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी तो सांभाळून राहतो. पुढच्या वेळी तोच रिक्षावाला भेटेल कशावरून, असं विचारलं तर काका म्हणतात, "भेटणार नाही कशावरून?"

हैदराबादेत गौलीगुड्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. खाली काका, चतुराकाकू आणि त्यांची मुलगी भाग्यलक्ष्मी, म्हणजे आमची भाग्यक्का. वर आम्ही. काकांचं बोलणं जिन्यातून वर येतं ते नेहमी एकाच चालीत: आधी खाकरणं, मग "हं", मग जरा थांबून, "पण का?" हे "पण का" काढायला सोपं आहे. खालचा ओठ बाहेर काढायचा आणि चष्म्याच्या वरून बघायचं. चष्मा नसला तरी चालतं.

काकांनी जन्मभर नोकरी केली ती जमिनीच्या कागदांच्या दफ्तरात. तिथं जुन्या सरकारची उर्दू वळणं शिल्लक होती. त्यातलं एक काकांच्या अंगातच भिनलं, ते म्हणजे मुकाबला. मुकाबला म्हणजे मारामारी नव्हे. नक्कल तयार झाली की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ओळ ओळ पुढं सरकायचं आणि प्रत्येक ओळीला "हौ", म्हणजे हो, म्हणायचं. या दोघांचं आपसात पटत नसेल तर उत्तम, असा काकांचा अनुभव. दोस्त असले की गप्पा होतात आणि ओळी गळतात.

निवृत्तीनंतर मुकाबला घरात आला. किराण्याच्या पिशवीचा यादीशी, लग्नपत्रिकेचा पंचांगाशी, पेपरातल्या बातमीचा दुसऱ्या पेपराशी. बोट ठेवायला काकू. काकू "हौ" म्हणता म्हणता भेंडीही चिरतात.

अशा माणसाला ते नव्वदच्या नंतरचे दिवस फार जड गेले. सगळंच एकदम मिळायला लागलं होतं. "पूर्वी फोनचा अर्ज केला की वर्षानुवर्षं थांबायचो," काका सांगायचे. "आला की खात्री असायची, हा आपलाच. आता आठ दिवसांत बसवून जातात. एवढी घाई का? काय लपवायचंय?" कोठीच्या बाजारात दुकानदार हसून "या साहेब, आत या" म्हणायला लागले, तर काका दुकानच बदलायचे. हसणारा दुकानदार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि अठ्ठ्याण्णव साली भाग्यक्काला नोकरीचं पत्र आलं.

अक्का बी.एस्सी. होऊन हिमायतनगरला कंप्युटर शिकत होती. बेगमपेठेतल्या एका कंपनीनं तिला घेतलं. काम असं होतं की अमेरिकेतून आकड्यांचे लांबच लांब तक्ते यायचे, आणि इथं त्यांचे छापायजोगे, नीट चौकटीतले रिपोर्ट करून परत पाठवायचे.

काकांनी पत्र उजेडाकडे धरलं. उलटं करून पाहिलं.

"तिकडं माणसं नाहीत का?"

"आहेत. महाग आहेत," अक्का म्हणाली.

"आणि आपण स्वस्त. हे पत्रात लिहिलंय का?"

"अप्पा, असं कुणी लिहितं का?"

"तेच म्हणतो मी. जे लिहिलं नाही ते काय काय आहे?"

आता काकांच्या कपाटात आणखी एक कागद तयार होता, आणि घरातल्या सगळ्यांना तो माहीत होता. आमच्या समाजाचं वधूवर मंडळ काकांच्या बैठकीतूनच चालतं. दरवर्षी नामपल्लीत प्रदर्शनाच्या मैदानाजवळच्या हॉलमध्ये मेळावा भरतो. घरोघरचे फॉर्म काकांकडे येतात आणि त्यांची पुस्तिका निघते. त्या वर्षी अक्काचाही फॉर्म काकांनी स्वतःच्या हातानं भरून ठेवला होता. फक्त गठ्ठ्यात घातला नव्हता, कारण त्यावरून अक्का दोन दिवस जेवली नव्हती.

तेवढ्यात पुस्तिकेचे टायपिस्ट अंबाजीराव मुलाकडे नांदेडला राहायला गेले. मेळावा पंधरवड्यावर.

"मी काढते," अक्का म्हणाली. "एक्सेलमध्ये भरते आणि प्रोग्राम लिहिते. पुस्तिका आपोआप निघेल."

"आपोआप," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू कुणी खिशात हात घातलाय. मग त्यांनी अट घातली. पुस्तिका अक्कानं तिच्या पद्धतीनं काढायची. तिच्या मशीननं खोटं छापलं असं मेळाव्यात निघालं, एका ओळीतही, तर तिथल्या तिथं तिचा फॉर्म लोकांच्या हातात जाईल, आणि कंपनीचं नाव घरात निघणार नाही. खोटं निघालं नाही, तर सोमवारी तिनं बेगमपेठेला जावं.

"पोरीशी पैज लावताय का?" काकू म्हणाल्या.

"पैज नव्हे. चाचणी."

"चाचणीत हरलं तर लग्न लागतं होय कुणाचं? तुमच्या दफ्तरात लागत असेल."

अक्का मात्र "हौ" म्हणाली. मुकाबल्यातलंच "हौ", बोट ठेवून म्हटलेलं.

कंप्युटर होता कोठीतल्या खादरभाईंच्या छपाईच्या दुकानात. तासावर मिळायचा. रोज संध्याकाळी अक्का तिथं जायची, आणि तिच्या मागून काका जायचे, भाजी घ्यायला म्हणून. कोठीत भाजी आमच्या गल्लीपेक्षा महाग असते, पण ते असो. खादरभाई पान खाऊन, मान वर करून बोलतात, रस सांडू नये म्हणून: "बैठो साब. इत्ता परेशान नक्को हो. मशीन हौ बोले तो हौ, नक्को बोले तो नक्को. आदमी के सरीखा बीच का नै बोलती."

"बीच का नै बोलती, यही तो शक है," काका म्हणाले.

अक्कानं त्यांना समजावलं. तक्त्यात प्रत्येक मुलगा किंवा मुलगी म्हणजे एक आडवी ओळ. नाव, वय, उंची, शिक्षण, पत्ता, अपेक्षा, असा एकेक खाना. तो तक्ता साध्या मजकुरात उतरवायचा, म्हणजे दोन खान्यांच्या मध्ये फक्त स्वल्पविराम उरतो. मग तिचा प्रोग्राम एकेक ओळ उचलतो, स्वल्पविरामाशी तोडतो आणि तुकडे चौकटीत ठेवतो: नाव वर ठळक, वय उजवीकडे, बाकीचं खाली. एका पानावर चार स्थळं, मग नवं पान. मजकूर इंग्रजी अक्षरांत, कारण मशीनला मराठी येत नव्हती, आणि समाजातल्या अर्ध्या मुलामुलींनाही.

"कोणत्या भाषेत लिहिलंय हे?"

"पर्ल."

काकांनी खादरभाईंकडे पाहिलं, खादरभाईंनी काकांकडे. "हैदराबादेत," काका म्हणाले, "पर्ल म्हणजे मोती, आणि मोती आधी दातावर घासून बघतात."

पहिली प्रत निघाली आणि बैठकीत मुकाबला लागला. काका तख्तावर फॉर्म घेऊन, काकू खाली चटईवर नक्कल घेऊन. इंग्रजी अक्षरं काकू सावकाश लावतात, पण लावतात.

"सुनीता," काकांनी वाचलं. "उंची पाच फूट दोन."

"हौ."

"शिक्षण बी.कॉम."

"हौ."

"पत्ता. घर नंबर अमुक, राममंदिराच्या मागं, काचीगुडा. अपेक्षा, सरकारी नोकरी."

काकूंचं बोट थांबलं. "पत्ता, घर नंबर अमुक. एवढंच आहे."

"आणि अपेक्षा?"

"अपेक्षा, राममंदिराच्या मागं."

काकांनी चष्मा काढून पुसला. इतका आनंद त्यांच्या तोंडावर फार दिवसांनी दिसला. पुढं तर मजाच होती. एका मुलाची अपेक्षा होती चप्पल बाजार. एकाची होती पोस्टाच्या समोर. काकू हसून हसून चटईवर आडव्या झाल्या. "अहो, ह्याचं लग्न लागलं की नवरीला पोस्टासमोर नेऊन उभी करायची."

अक्काच्या लक्षात आलं. आपल्या लोकांच्या पत्त्यात स्वल्पविराम फार. मशीन प्रत्येक स्वल्पविरामाशी तोडत गेली आणि पत्त्याचे तुकडे पुढच्या खान्यांत घुसले. "मी स्वल्पविरामाऐवजी टॅब घालते. पत्त्यात टॅब कुणी लिहीत नाही."

"चूक निघाली," काका म्हणाले.

"मेळाव्यात निघाली तर, असं म्हणाला होता तुम्ही."

काका जन्मभर दफ्तरात राहिलेले. पहिली नक्कल कच्ची असते, हा तिथला नियम त्यांच्यानं मोडवेना. म्हणाले, "हं. कच्ची. दुसरी आण."

दुसरी प्रत यायच्या आत काकांनी एक काम केलं. दफ्तरात असताना नवा नक्कलनवीस आला की ते मूळ कागदांच्या गठ्ठ्यात एक खोटा कागद सरकवायचे. माणूस वाचून उतरवतो की नुसता मान डोलावतो, ते कळायला. मुकाबला पार पडला की खोटा कागद काढून फाडायचा. कागद फाटला की नकलेतलं ते पानही गळायचं, कारण शिक्का मारणारा आधी मूळ कागद मागतो. मूळ नाही, तर नक्कल कशाची?

तसा एक मुलगा काकांनी तयार केला. प्रमोद अंबाजी उमरीकर. नाव अंबाजीरावांवरून सुचलं असावं. वय सत्तावीस, उंची पाच दहा, बी.ई., परदेशी कंपनीत नोकरी, घर स्वतःचं, मंगळ नाही, व्यसन नाही. गर्दीत चटकन ओळखू यावा म्हणून काकांनी त्याला इतका चांगला केला. शेवटी "अपेक्षा: काही नाही," आणि संपर्कासाठी मंडळ. "राहिलेला एक फॉर्म" म्हणून तो अक्काच्या हातात दिला. अक्कानं ओळ भरली. विचारायला तिला वेळ नव्हता.

दुसऱ्या मुकाबल्यात काकू सगळ्याला "हौ" म्हणत गेल्या. सुनीताची अपेक्षा सरकारी नोकरी झाली होती. प्रमोद उमरीकर आला तेव्हा काकांनी एकेक ओळ मुद्दाम हळू वाचली, आणि एकेक ओळ जागच्या जागी होती.

"हे बरं स्थळ आहे की," काकू म्हणाल्या. "आपल्या भाग्यीला..."

"पुढं चल," काका म्हणाले.

मुकाबला पार पडला. कुणी बघत नाही असं पाहून काकांनी प्रमोदचा फॉर्म गठ्ठ्यातून काढला, फाडला आणि बंबात घातला. झालं. मूळ गेलं. अक्काला सांगण्यात अर्थ नव्हता, सांगितलं तर पुढच्या वेळी ती सावध होईल. आणि कंप्युटरमधली ओळ? ती काकांच्या डोक्यातच आली नाही. ज्याचा कागद नाही ते असतं कुठं, हे त्यांना आजही कुणी समजावू शकलेलं नाही.

खादरभाईंच्या प्रिंटरची रिबन फिकी झाली होती, म्हणून अक्कानं नवी रिबन घालून पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून छापली, आणि तिच्या प्रती काढून घेतल्या. काकांनी त्यांवरून नजर फिरवली, पण पुन्हा मुकाबला घातला नाही. आणि घातला असता तरी काय. काका कागद वाचतात आणि तो नकलेत आहे का ते बघतात. नकलेत काही जास्त आहे का, हे जन्मात कधी पाहिलं नाही. नक्कलनवीस आळसानं एखादी ओळ गाळील, पण फुकट जास्त कशाला लिहील?

मेळाव्याच्या दिवशी हॉलमध्ये अत्तर, घाम आणि इरानी चहा यांचा मिळून एक वास होता. दाराशी टेबल टाकून काका बसले. शेजारी अक्का, पुढ्यात पुस्तिका. अक्काचा फॉर्म काकांच्या शर्टाच्या खिशात घडी करून, अर्धा बाहेर. अक्का त्याच्याकडे बघत नव्हती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

पहिल्या आल्या काचीगुड्याच्या सुलभाताई. त्या नाकातून बोलतात, आणि प्रत्येक वाक्य संपलं असं वाटलं की पुन्हा सुरू करतात. "एकनाथराव, मी म्हटलं विचारावं, म्हणजे सहज, हा उमरीकरांचा प्रमोद कोणता हो, म्हणजे उमरीकर आपल्यात कोण, म्हणजे मला ठाऊक नाहीत म्हणून."

काकांचा हात पुस्तिकेवर गेला. पान सापडलं. प्रमोद अंबाजी उमरीकर तिथं होता, नव्या रिबनमुळं सगळ्यात ठळक.

"चौकशी करून सांगतो," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच उत्तर म्हणून निघालं असेल.

मग नामदेवराव आले. सुनीताचे वडील, आवाज खर्जातला, बोलताना समोरच्याचा दंड धरायची सवय. "अपेक्षा काही नाही, असं लिहिलंय. एवढ्या चांगल्या मुलाची अपेक्षा काही नाही? खरं सांगा. पाय अधू आहे का?"

"नाही हो."

"मग आधी लग्न झालेलं असेल. मला सांगा, मी कुणाला बोलत नाही." त्यांचा आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.

बघता बघता टेबलाभोवती गर्दी झाली. जिवंत मुलं कोपऱ्यात नवे शर्ट घालून उभी, आणि आईबाप सगळे उमरीकरांच्या मागं. मुलाला बोलवा, फोटो दाखवा, वडील कुठं आहेत. एकजण तर म्हणाला, त्यानं प्रमोदला बँकेत पाहिलाय, बरा आहे, जरा काळा आहे.

अक्का पुस्तिकेचं पान बघत होती. मग तिनं घरून आणलेला फॉर्मांचा गठ्ठा पुढं ओढला आणि चाळला. प्रमोदचा फॉर्म नव्हता. तिनं पुन्हा चाळला. मग तिची नजर पहिल्यांदा काकांच्या खिशावर गेली.

"फॉर्म नाही?" सुलभाताईंनी गठ्ठ्यात डोकावून विचारलं. "म्हणजे मग हे कंप्युटरनं आपल्या मनानं केलं की काय, म्हणजे मी ऐकलंय, दोन हजार साली सगळे कंप्युटर असंच करणार आहेत म्हणे."

"हौ, कंप्युटरची गडबड," नामदेवराव म्हणाले. त्यांनी दंड सोडला. सगळ्यांची तोंडं एकदम मोकळी झाली. कंप्युटरची गडबड म्हटलं की कुणाचीच गडबड नाही. "तसं सांगा ना एकनाथराव. चूक मशीनची, तुम्ही काय करणार?"

सगळे काकांकडे बघत होते. एवढं "हौ" म्हटलं असतं तर संपलं होतं. मंडळाची अब्रू राहिली असती, काकांची राहिली असती, खिशातला कागद बाहेर आला असता आणि पोरगी घरात राहिली असती. काकांना हवं ते सगळं त्या एका शब्दात होतं.

काका खाकरले. मग "हं" म्हणाले. मग थोडं थांबले. "पण का?" आलं नाही.

"मशीननं दिलं तेच छापलं," ते म्हणाले. "फॉर्म होता. मी लिहिला. खोटा. मुलीची परीक्षा घ्यायला. मग फाडला. हा मुलगा नाहीच आहे."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सगळे काकांच्या तोंडाकडे बघायला लागले, अगदी काका दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतात तसे.

"नाहीच आहे," नामदेवराव सावकाश म्हणाले.

"नाही."

"पण फॉर्म तुम्ही स्वतः लिहिला."

"हो."

"आणि स्वतः फाडला. कुणाला न दाखवता."

"हो."

नामदेवरावांनी सुलभाताईंकडे पाहिलं. "असं," ते म्हणाले, आणि दोघं बाजूला झाले. चहाच्या टेबलापाशी सुलभाताईंचा आवाज बारीक केला तरी नाकातून स्पष्ट येत होता: "स्वतःच्या पोरीसाठी ठेवलं हो, म्हणजे चांगलं स्थळ आलं, आणि बापानं फॉर्मच फाडला, म्हणजे आपल्या हाती लागू नये म्हणून, छापून गेलं ते चुकून."

काकांनी तिकडं जाऊन समजावलं. जितकं समजावलं तितक्या लोकांच्या माना जास्त डोलत गेल्या. "हौ हौ, एकनाथराव, समजलं," असं म्हणून एकेकजण खांद्यावर थाप मारून जात होता. काकांना जन्मात कुणी खोटं म्हटलं नव्हतं. आता तर अख्खा समाज हसतमुखानं म्हणत होता.

टेबलाशी परत येऊन काकांनी खिशातला फॉर्म काढला. अक्काच्या हातात दिला. "हा तुझ्याकडेच ठेव. माझ्याजवळ कागद राहिला तर लोक आणखी काहीतरी म्हणतील." मग खुर्चीत बसून, रिकाम्या रांगेकडे बघत: "सोमवारी किती वाजता जायचंय?"

"नऊ," अक्का म्हणाली.

सोमवारी काका तिच्याबरोबर गेले. एकटी कशी सोडायची, आणि कंपनी खरोखर आहे की पत्रावरच आहे, हेही बघायचं होतं. निघताना बसस्टँडवर सुलभाताई भेटल्या. अक्काची नवी साडी पाहून म्हणाल्या, "परदेशी कंपनी ना, म्हणजे प्रमोदही तिथंच असतील?" काकांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

पुढचं अक्कानं संध्याकाळी सांगितलं. कंपनीच्या दारात निळ्या कपड्यांतला एक तेलुगू रखवालदार होता. त्यानं नोकरीचं पत्र घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं. अक्काचा डबा उघडायला लावला. मग काकांकडे वळला. "मीरू एवरंडी? कोण तुम्ही? काम काय?" वडील, म्हटलं तर म्हणाला, पुरावा. काकांची छत्री उघडून आत काही आहे का बघितलं. पत्रावरची सही आणि आपल्याकडच्या यादीतली नावं यांवर बोट ठेवून, ओठ हलवत, दोनदा ताडून पाहिली. अक्काला आत सोडलं, काकांना नाही.

अक्काला वाटलं आता काका भांडणार. काका फाटकाबाहेर छत्रीची घडी घालत उभे होते.

"जा," ते म्हणाले. "जागा बरी दिसते. इथं कुणावर विश्वास ठेवत नाहीत."